पालवणकर बाळू

ज्याच्या हातचा चेंडू सर्वांस चालत असे, परंतु ज्याच्या ओठांस लागलेला पेला कोणास चालत नसे, अशा एका पुरुषाचें चरित्र आज आपणापुढें ठेवीत आहों.

पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ सालीं धारवाड येथें एका चर्मकार कुटुंबांत झाला. घराणें मूळचें कोंकणांतील. वडील पलटणींत नोकरीस असल्यामुळें मुलें पुण्यास वाढलीं. तेथें बाळूंना प्रथम पारशी लोकांच्या क्रिकेट क्लबांत दरमहा ३ रुपयांची नोकरी मिळाली व पुढें युरोपियनांच्या क्लबांत ४ रुपयांची. जमिनीवर रूळ फिरवावा, जाळीं बांधावीं, साहेब लोकांस सरावासाठीं चेंडू टाकावे, हें त्यांचें काम. ग्रेग नांवाचे अधिकारी तर तासचे तास त्यांच्या चेंडूंवर सराव करीत. ही चाकरीच बाळूंची शाळा झाली. डाव्या हातानें संथ व वळणारा चेंडू टाकण्यांत ते निष्णात झाले.

पुण्याच्या हिंदु क्लबानें त्यांस आपल्या संघांत घेतलें. मैदानावर सर्वजण एकच चेंडू हाताळीत. परंतु चहाच्या वेळीं बाळूंना मात्र बाहेर, मातीच्या पेल्यांत चहा मिळे. पुढें ते मुंबईस आले. १९०६ सालीं हिंदूंनीं युरोपियनांचा १०९ धावांनीं पराभव केला, त्यांत बाळूंचा वांटा मोठा होता.

१९११ सालीं अखिल हिंदुस्थानचा संघ विलायतेस गेला. बाळू व त्यांचे धाकटे बंधु शिवराम त्यांत होते. नायक पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग. परंतु ते राज्याभिषेकाच्या समारंभांत गुंतल्यामुळें थोडेच सामने खेळले. मोसम कठीण गेला. पहिल्या दर्जाच्या १४ सामन्यांपैकीं १० हातचे गेले आणि २ च जिंकतां आले. पण संघ हरत असतांहि पस्तीस वर्षांच्या बाळूंनीं हात आंखडला नाहीं. केंब्रिज विद्यापीठाचे ८ गडी त्यांनीं एका डावांत बाद केले. लेस्टरशायरविरुद्ध ११ गडी घेऊन त्यांनीं जय मिळवून दिला. सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांच्या शतकानें एक गडी राखून दुसरा जय मिळाला. सर्व दौऱ्यांत मिळून बाळूंनीं ११४ गडी बाद केले. परत आल्यावर मुंबईंत दलित वर्गांनीं त्यांचा सत्कार केला.

तरीहि हिंदु संघाचें नायकपद त्यांना देण्यांत आलें नाहीं. १९२० सालीं त्यांस संघांतूनहि वगळलें, तेव्हां त्यांच्या बंधूंनीं खेळण्याचें नाकारलें. अखेर १९२३ सालीं धाकटे बंधु विठ्ठल हे नायक झाले व हिंदु संघ विजयी झाला. १९३७ च्या निवडणुकींत बाळू हे काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले. १९५५ सालीं मुंबईंत त्यांचा अंत झाला.

गुण पाहून लोक टाळ्या वाजवितात. परंतु पेला एक व्हावयास मन पालटावें लागतें. वाचकहो, आपल्या घरीं कोणासाठीं निराळें भांडें ठेविलें आहे काय, हें आपण आजच पाहावें.