दिगंबरानुचर : दासोपंतांचे चरित्र आणि एक समास

दासोपंतांनी आपल्या रचनेत ‘दिगंबरानुचर’ ही मुद्रा वापरली. चरित्रकार तिचा उल्लेख करतात आणि पुढे जातात. व्याकरणाच्या अंगाने पाहिल्यास मात्र या एका शब्दापाशी थोडे थांबणे आवश्यक वाटते.

त्यांचा जन्म शके १४७३ (इ. स. १५५१) मध्ये बेदर प्रांतातील नारायणपेठ येथे देशपांडे घराण्यात झाला. पित्याचे नाव दिगंबरपंत, मातेचे पार्वतीबाई. दुष्काळात वसुलाचा भरणा न झाल्याने बेदरच्या बरीदशाही सत्तेने कोवळ्या दासोपंतांना ओलीस ठेवले, धर्मांतराचे भय दाखविले आणि प्रत्यक्ष दत्तात्रेयांनी पाडेवाराच्या वेषात येऊन द्रव्य भरले, अशी परंपरा आहे. कथेतील चमत्कार बाजूला ठेवला, तरी पित्यापासून तुटलेला मुलगा उरतोच.

‘दिगंबर’ हा बहुव्रीही; दिशा हेच ज्याचे वस्त्र तो, म्हणजे दत्त. त्याला ‘अनुचर’ जोडून षष्ठी तत्पुरुष होतो. दोन्ही पदांची अक्षरे चार-चार. संधीत दोन अकारांचा एक आकार झाल्याने आठांची सात उरतात. त्यांत ‘गं’ आणि ‘रा’ ही दोनच गुरू अक्षरे असून दुसरे संधीनेच घडलेले आहे. नॉर्वेजियन भाषेत सामासिक नामाचा मुख्य आघात सामान्यतः पहिल्या पदावर असतो व त्यानेच समासाची एकता कळते. मराठीत आघात अर्थभेदक नाही. तो गुरू अक्षराकडे झुकतो. त्यामुळे येथे उच्चाराचे वजन पदांच्या सांध्यावरही पडते. हा अनुचर कोणत्या दिगंबराचा, दत्ताचा की पित्याचा, हे समासातील लुप्त षष्ठी सांगत नाही. हा केवळ योगायोग मानता येईल. प्रस्तुत लेखकास तो तसा सोडवत नाही.

पुढे माहूर, गोदाकाठचे राक्षसभुवन आणि अखेर अंबाजोगाई असा त्यांचा प्रवास झाला. ‘गीतार्णव’, ‘पदार्णव’, ‘गीतार्थबोधचंद्रिका’, ‘ग्रंथराज’ ही ग्रंथनामे सामासिकच. ‘गीतार्णवा’ची ओवीसंख्या परंपरेने सव्वा लाख सांगितली जाते, अर्णव हे उत्तरपद तेथे केवळ अलंकारासाठी आलेले नाही. गीता (२) आणि अर्णव (३) यांची संधीनंतर चार अक्षरे होतात. बोलताना अंत्य अकार लोपून तीनच ऐकू येतात. अंबाजोगाईतील थोरले व धाकटे देवघर दासोपंतांशी निगडित आहे. त्या ‘देवघर’ शब्दातही लेखी अक्षरे चार, उच्चारात अवयव दोन. ओवी गाताना मात्र हे लोपलेले अकार पुष्कळदा परत येतात. म्हणून प्राचीन ग्रंथातील समासांची अक्षरगणना आजच्या बोलीवरून करणे धोक्याचे आहे, हे अभ्यासकांनी ध्यानी घ्यावे.

दासोपंतांचे निर्वाण शके १५३७ च्या माघ वद्य षष्ठीस झाले. सर्वत्र १६१५ हे साल छापले जाते. माघ महिना धरल्यास ते १६१६ येते. सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद कापडावर लिहिलेली, पंचीकरण हा विषय मांडणारी त्यांची पासोडी अंबाजोगाईत जतन झाली. तिच्यावर सुमारे १६०० ओव्या आहेत.