बखरींचा वैरी, बखरीचा संपादक

घोडबंदरचा रस्ता अहमदाबाद महामार्गाला मिळतो. ट्रकांच्या गर्दीत आपण साष्टी बेटाच्या उत्तर टोकाशी उभे आहोत, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. या साष्टीची आणि भोवतालच्या उत्तर कोकणाची पोर्तुगीजांपूर्वीची आठवण सांगणारी 'महिकावतीची बखर' १९२४ साली संपादून छापली ती इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी. गंमत अशी, की बखरींवर राजवाड्यांइतके कोरडे क्वचितच कुणी ओढले असतील!

राजवाडे १८६३ साली वरसईला जन्मले. पदवी उशिरा मिळाली, पत्नी लवकर गेली आणि दुसरा संसार त्यांनी मांडला नाही. वाईला एका घरात पानिपतच्या काळातील पत्रांचे दप्तर हाती लागले, आणि या गृहस्थाच्या आयुष्याची दिशा ठरली. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला. छावणीतून त्या त्या दिवशी लिहिलेली पत्रे एकीकडे आणि मागाहून रचलेल्या बखरी दुसरीकडे ठेवून त्यांनी बखरकारांच्या चुका दाखवल्या. समकालीन अस्सल कागद तेवढा खरा, हा त्यांचा दंडक.

मग असे कागद शोधीत ते गावोगाव हिंडले. स्वतःच्या हाताने रांधून खावे, वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरे सोडवावीत, हाच क्रम. वाळवीच्या आणि वाण्याच्या आधी तिथे पोचायचे, एवढीच घाई. साधनांचे बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेही त्यांच्याच पुढाकाराने. पण कुठल्याही संस्थेत फार काळ रमण्याचा त्यांचा पिंड नव्हता. लिहायचे ते मराठीतच, हा हट्ट मात्र शेवटपर्यंत टिकला. घाईचे सिद्धांत आणि तिखट जीभ यांची किंमतही त्यांना मोजावी लागली. १९०९ साली छापलेल्या ज्ञानेश्वरीची पोथी त्यांनी फार जुनी ठरवली. ती पोथीच पुढे अभ्यासकांना पडताळायला मिळाली नाही. अस्सल कागदाचा आग्रह धरणाऱ्याच्या बाबतीत हे घडावे, ही चुटपुट राहतेच.

मग महिकावतीची बखर का? कारण सरदारांची पत्रे उरतात, कुणब्या-कोळ्यांची उरत नाहीत. बखरीतला काही भाग केशवाचार्यांनी शके १३७० मध्ये, म्हणजे १४४८ साली रचलेला. त्यात गावे आहेत, कुळे आहेत, वतने आहेत. राजांच्या हकिकती तपासून घ्याव्यात, पण गावांची नावे खोटी रचण्यात कुणाचा काय लाभ? प्रदीर्घ प्रस्तावनेत त्यांनी राजवंशांपेक्षा इथल्या समाजाचा, आणि राज्य कुणाचे याविषयी रयत इतकी उदासीन का, याचा विचार मांडला. त्यांचे सगळेच निष्कर्ष आज मान्य होणार नाहीत. बखर वाचण्याची ही दृष्टी मात्र मोलाची.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले. मागे इस्टेट म्हणावी अशी दप्तरे आणि टिपणेच होती. ती सांभाळण्यासाठी पुढच्याच महिन्यात धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले.