सागराचा चित्रकार टर्नर

नकाशांत समुद्र निळा रंगविला कीं तो आपणांस कळला, असें आम्ही मानितों. जोसेफ टर्नर या आंग्ल चित्रकारानें मात्र समुद्र जाणून घेण्यांत सारें आयुष्य वेंचलें.

त्याचा जन्म १७७५ सालीं लंडन शहरीं एका न्हाव्याच्या घरीं झाला. मुलाचीं चित्रें बाप आपल्या दुकानांत विक्रीस लावी. बालपणीं टर्नर कांहीं काळ मार्गेट या किनाऱ्यावरील गांवीं राहिला. तेथील लाटा व आकाश त्याच्या मनांत कायमचीं ठसलीं. १७८९ सालीं तो रॉयल अकॅडमीच्या चित्रशाळेंत शिरला. १७९६ सालीं तेथील प्रदर्शनांत त्याचें पहिलें तैलचित्र झळकलें. चांदण्या रात्रीं खवळलेल्या समुद्रांत हेलकावे खाणारी कोळ्यांची होडी हा त्याचा विषय होता.

पुढें रेखाटनाच्या वह्या घेऊन तो देशोदेशीं हिंडला. १८४२ सालीं, वयाच्या ६७ व्या वर्षीं, त्यानें हिमवादळांत सांपडलेली आगबोट रंगविली. टीकाकारांनीं तो साबणाचा फेंस म्हणून हिणविला. टर्नर दुखावला, पण लोकांस रुचावें म्हणून त्यानें आपला समुद्र शांत केला नाहीं.

१८५१ सालीं तो निवर्तला. मागाहून त्याचीं सुमारें ३०० तैलचित्रें व हजारों रेखाटनें राष्ट्राच्या स्वाधीन झालीं. हिणविलेलें तें चित्रही आज लंडनच्या टेट कलासंग्रहांत जतन केलेलें आहे.

चित्रकलेच्या तासास आम्ही बहुधा दुसऱ्याच्या चित्रावरून चित्र काढितों. विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटींत एक दिवस वही घेऊन पाण्याकाठीं बसूं या. आधीं नीट पाहूं, मग रंगांस हात लावूं.