डब्यातला कारागीर : हेन्री शेर्विन

घर रंगवायला काढलं की एक वाद ठरलेला असतो. रंगारी महागातला डबा मागतो, आणि बाबांना दुकानातला स्वस्त डबाही तसाच दिसतो. शेड तर तीच आहे! मग पैसे कशाचे? या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात हेन्री शेर्विनचं अख्खं आयुष्य गेलं. शेर्विन-विल्यम्स या जगप्रसिद्ध रंग कंपनीतला शेर्विन तो हाच.

त्याचा जन्म १८४२ सालचा, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातला. शाळा लवकर सुटली आणि दुकानात नोकरी सुरू झाली. १८६० मध्ये तो क्लीव्हलँडला आला. १८६६ मध्ये साठवलेले २००० डॉलर घालून तो रंगाच्या धंद्यात भागीदार झाला. रंगाचं शिक्षण म्हणाल तर शून्य!

त्या काळी रंगारी व्हाइट लेडची, म्हणजे शिशाच्या सफेद्याची, घट्ट पेस्ट आणून त्यात जवसाचं तेल आणि रंगद्रव्य स्वतः मिसळायचा. चांगला रंग म्हणजे मुरलेल्या रंगाऱ्याचा हात. बाकीच्यांच्या वाट्याला बऱ्याचदा भेसळ यायची. सफेद्यात खडूची पूड किंवा बराइट्स घातलं की वजन भरतं, पण भिंत झाकत नाही. खडू आणि तेल यांचा अपवर्तनांक जवळजवळचा, त्यामुळे तेलात भिजलेला खडू जवळपास पारदर्शक होतो. व्हाइट लेडचा अपवर्तनांक २ च्या आसपास, म्हणून ते झाकतं.

१८७० मध्ये जुनी भागीदारी मोडली. शेर्विनने एडवर्ड विल्यम्सबरोबर नवी फर्म काढली आणि १८७३ मध्ये क्लीव्हलँडला कारखाना घेतला. तयार रंग बाजारात आधीही आले होते, पण डब्यात रंगद्रव्य खाली बसायचं नि वर तेल तरंगायचं. रंगारी हसायचे. इथे आपला स्टोक्सचा नियम आठवा. कणाचा व्यास निम्मा केला की तो खाली बसण्याचा वेग चौथाई होतो. म्हणजे इलाज एकच, दळण बारीक करा. शेर्विन दळणाच्या यंत्रामागे लागला. १८७७ मध्ये पुन्हा झाकण लावता येईल अशा डब्याचं पेटंट झालं. १८८० मध्ये एसडब्ल्यूपी हा तयार रंग आला, तोही हमी देऊन! नीट वापरला तर तडे जाणार नाहीत, पोपडे धरणार नाहीत, असं कंपनीने छापून सांगितलं. १८८४ मध्ये कंपनीने पगारी रसायनतज्ज्ञही नेमला. रंगाऱ्याच्या हातातली करामत आता डब्यात आली होती.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. शिशाची बाधा रंगाऱ्यांना होते हे तेव्हाही माहीत होतं, तरी धंदा त्यावरच चालला. शेर्विन १९१६ मध्ये गेला. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली ती १९७८ मध्ये. आपल्याकडे ९० पीपीएमची मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली. झाकण्यात आणि टिकण्यात पहिल्या नंबरचा माल लहान मुलांसाठी विष निघाला. त्यामुळे चांगला रंग ठरवताना भिंतीबरोबर घरात राहणारी माणसंही मोजायला हवीत.

आज व्हाइट लेडच्या जागी टायटॅनियम डायऑक्साइड आहे आणि तेलाच्या जागी बहुधा ॲक्रिलिक. हिशेब मात्र शेर्विनच्या वेळचाच. महागड्या डब्यात साधारणपणे रंगद्रव्य आणि बाइंडर जास्त असतं. स्वस्त डब्यात खडू आणि चिनी मातीचा भरणा जास्त, म्हणून हात जास्त मारावे लागतात आणि भिंत पुसली की रंग फडक्याला लागतो. तेव्हा यापुढे डब्याची किंमत लिटरवर काढू नका. किती चौरस मीटर झाकलं आणि किती पावसाळे टिकलं, यावर काढा. रंगारी महागाचा डबा का मागतो, ते बाबांनाही पटेल.