एक्सप्लेनर : सोलापूरचा सब-कलेक्टर कित्तूरच्या लढाईत का मारला गेला? जाणून घ्या राणी चन्नम्मांची गोष्ट

जुळे सोलापूर : डिसेंबर १८२४ मध्ये बेळगाव-धारवाड रस्त्यावरच्या कित्तूर किल्ल्याच्या लढाईत सोलापूरचा ब्रिटिश सब-कलेक्टर मन्रो मारला गेला. सहाच वर्षांपूर्वी, मे १८१८ मध्ये, आपला भुईकोट किल्ला इंग्रजांसाठी घेणारे थॉमस मन्रो हे त्याचे काका. पुतण्याची गाठ मात्र एका विधवा राणीशी पडली.

राणी चन्नम्मांचा जन्म बेळगावजवळच्या काकतीचा. कित्तूरच्या मल्लसर्ज देसाईंच्या त्या धाकट्या राणी. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी मल्लसर्जांना पुण्यात अडकवून ठेवलं होतं. सुटून परतताना १८१६ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यामुळे असेल कदाचित, पण १८१८ मध्ये कित्तूरने पेशव्यांविरुद्ध मन्रोला बेळगावच्या वेढ्यात मदत केली. त्या बदल्यात संस्थान टिकलं. इंग्रजांचं हे उपकार-स्मरण सहा वर्षंच पुरलं.

वाद नेमका कशाचा?

सप्टेंबर १८२४ मध्ये चन्नम्मांचे सावत्र मुलगे, देसाई शिवलिंगरुद्रसर्ज, निपुत्रिक वारले. जाण्यापूर्वी त्यांनी दत्तक घेतल्याचं कित्तूरचं म्हणणं होतं. धारवाडचा कलेक्टर थॅकरेला ते पटलं नाही. दत्तकाचं पत्र मागाहून तयार केल्याचा त्याला संशय होता. त्याने दत्तक नामंजूर केलं आणि खजिन्याला सील ठोकलं.

अनेक पोस्टमध्ये हे डलहौसीचं धोरण म्हणून सांगितलं जातं. ते चूक आहे. डलहौसी भारतात आला १८४८ मध्ये, म्हणजे तब्बल २४ वर्षांनी. दत्तक नाकारून संस्थान गिळण्याची सवय कंपनीला त्याआधीच लागली होती.

२३ ऑक्टोबर १८२४ ला थॅकरे तोफा घेऊन बंद दरवाजासमोर उभा राहिला. दरवाजा उघडला, पण शरणागतीसाठी नाही. आतले सैनिक बाहेर तुटून पडले आणि थॅकरे ठार झाला. स्टीव्हन्सन आणि वॉल्टर एलियट हे दोन अधिकारी कैद झाले. हाच एलियट पुढे कन्नड शिलालेखांचा नामवंत अभ्यासक झाला. चन्नम्मांनी कैद्यांना इजा केली नाही, हे इथे नोंदवायला हवं.

कमिशनर चॅप्लिन मोठी फौज घेऊन आला. तडजोडीच्या आशेने राणींनी दोघांना सोडून दिलं. हल्ला थांबला नाही. हातात असलेला एकमेव पत्ता त्यांनी विश्वासावर टाकला होता. मन्रो पडला, पण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात किल्लाही पडला.

राणींना बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं. फेब्रुवारी १८२९ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं; समाधीही तिथेच आहे. त्यांचा शिलेदार संगोळी रायण्णा याने दत्तक मुलाच्या नावाने पुन्हा बंड उभारलं. छुप्या लढाईत त्याने कंपनीच्या कचेऱ्या जाळल्या. फितुरीने तो पकडला गेला आणि जानेवारी १८३१ मध्ये नंदगडला फासावर गेला.

नंदगड म्हणजे सीमाभागातल्या खानापूर तालुक्यातलं. तिकडे गेलात तर रायण्णाची समाधी पाहता येते.