वादकांना घरी जायचं होतं, हेडनने रजेचा अर्ज थेट सिम्फनीतून दिला

साल १७७२. हंगेरीतला एस्टरहाझा राजवाडा. प्रिन्स निकोलाउस एस्टरहाझी यांचा मुक्काम काही केल्या हलत नव्हता. त्यांच्या ऑर्केस्ट्रातले बहुतेक वादक वैतागले होते, कारण बायकापोरं दूर आयझेनश्टाटला आणि त्यांना इथे आणायची परवानगी नाही. मालकाला सांगणार कोण? सगळे गेले जोसेफ हेडनकडे.

हेडन १७३२ साली ऑस्ट्रियातल्या रोहराऊ गावात जन्मला. वडील गाड्यांची चाकं बनवायचे. पोराचा गळा गोड म्हणून तो व्हिएन्नाच्या चर्चमध्ये गायला लागला. पण वयात येताना आवाज फुटला आणि नोकरी गेली. मग शिकवण्या घेत, मिळेल ते वाजवत त्याने दिवस काढले. १७६१ साली एस्टरहाझी घराण्याची नोकरी मिळाली. पगार पक्का, पण अंगावर दरबारी नोकराचा पोशाख आणि लिहिलेल्या संगीतावर हक्क मालकाचा.

इथेच त्याने सिम्फनीची चार भागांची मांडणी पक्की केली. ती त्याने एकट्याने शोधली नाही, पण रुजवण्यात त्याचा वाटा मोठा.

पहिला भाग बहुधा वेगवान. त्यात मुख्य सुरावटींची ओळख होते, मग त्यांची उलटापालट आणि शेवटी त्या मूळ घरी परततात. दुसरा भाग संथ. तिसरा मिन्युएट, म्हणजे तीन मात्रांचा दरबारी नाच. चौथा पुन्हा जलद, धडाक्यात संपणारा. या प्रत्येक भागाला मूव्हमेंट म्हणतात.

प्रिन्सच्या कानालाही या क्रमाची सवय झाली होती. हेडनने नेमका तोच मोडला.

४५ व्या सिम्फनीचा चौथा भाग जोरात सुरू झाला. आता संपणार असं वाटत असतानाच तो थांबला आणि अनपेक्षितपणे संथ संगीत सुरू झालं. एकेक वादक आपला तुकडा वाजवायचा, समोरची मेणबत्ती विझवायचा आणि निघून जायचा. शेवटी दोनच व्हायोलिन उरली. प्रिन्सना इशारा कळला आणि दुसऱ्याच दिवशी दरबार परत निघाला, असं सांगितलं जातं. या रचनेला पुढे ‘फेअरवेल सिम्फनी’ हे नाव पडलं.

१७९० साली प्रिन्स वारले, ऑर्केस्ट्रा मोडला आणि हेडन मोकळा झाला. लंडनच्या दोन दौऱ्यांसाठी त्याने १२ सिम्फनी लिहिल्या. त्यातल्या ९४ व्या सिम्फनीच्या शांत दुसऱ्या भागात अचानक मोठा दणका बसतो.

१७९६ साली त्याने ट्रम्पेट कॉन्चेर्टो लिहिला. एका मुख्य वाद्यासाठी असलेल्या या प्रकारात तेव्हा साधारण तीनच भाग असायचे, जलद, संथ, जलद. त्या काळच्या साध्या ट्रम्पेटवर खालच्या पट्टीत मोजकेच स्वर निघायचे. अँटोन वाइडिंगर या वादकाकडे मात्र कळा बसवलेला नवा ट्रम्पेट होता. हेडनने संथ दुसऱ्या भागात तो चक्क गायला लावला. एरवी दवंडीसारखा गरजणारा ट्रम्पेट तिथे हळुवार सलग चाल वाजवतो.

३१ मे १८०९ रोजी हेडन गेला, तेव्हा व्हिएन्ना नेपोलियनच्या सैन्याच्या ताब्यात होतं. त्याच्या क्रमांक दिलेल्या सिम्फनी १०४ आहेत. पण मालकासमोर तोंड न उघडता वादकांची बाजू मांडली, ती ४५ व्या सिम्फनीने.