हेझन पिंग्री

हेझन स्टुअर्ट पिंग्री (३० ऑगस्ट, १८४० – १८ जून, १९०१) हे अमेरिकन पादत्राण-उत्पादक, डेट्रॉइट शहराचे महापौर व मिशिगन राज्याचे गव्हर्नर होते. शहरातील पडीक जमीन बेरोजगारांना लागवडीसाठी देण्याच्या त्यांच्या योजनेची गणना अमेरिकेतील संघटित नागरी शेतीच्या आरंभीच्या प्रयत्नांत होते.

पूर्वायुष्य

पिंग्री यांचा जन्म मेन राज्यातील डेन्मार्क या गावी झाला. अमेरिकन यादवी युद्धात ते उत्तरेच्या सैन्यात होते. १८६४ मध्ये पकडले गेल्यावर त्यांना उपासमारीसाठी कुप्रसिद्ध असलेल्या अँडरसनव्हिल छावणीत ठेवण्यात आले. युद्धानंतर डेट्रॉइटमध्ये त्यांनी भागीदारीत पादत्राणांचा कारखाना काढला. रिपब्लिकन पक्षातर्फे निवडून येऊन १८९० मध्ये ते महापौर झाले. ट्रामचे भाडे कमी व्हावे यासाठी त्यांनी खाजगी कंपन्यांशी दीर्घ लढा दिला.

भूखंडशेती

१८९३ च्या आर्थिक मंदीत डेट्रॉइटमधील कारखाने बंद पडले व हजारो कामगारांची रोजी बुडाली. भाववाढीच्या आशेने राखून ठेवलेली बरीच जमीन मात्र शहराच्या कडेला ओस पडली होती. १८९४ मध्ये पिंग्री यांनी मालकांकडे ती तात्पुरत्या वापरासाठी मागितली. वृत्तपत्रांनी योजनेची थट्टा केली. चर्चमधून केलेल्या आवाहनाला १४ डॉलरही मिळाले नाहीत. तेव्हा पिंग्री यांनी स्वतःचा घोडा लिलावात विकून निधी उभारला.

सुमारे ४३० एकर जमीन मिळाली. नांगरट व बियाणे यांची सोय योजनेतून झाली. मशागत कुटुंबांनी करायची व पीकही त्यांनीच ठेवायचे, असा नियम होता. सुमारे ३,००० अर्जदारांपैकी ९४५ कुटुंबांना भूखंड देता आले. बटाटा, घेवडा व सलगम ही मुख्य पिके होती. हंगामाला उशीर होऊनही उत्पन्नाचे मोल खर्चाच्या कितीतरी पट भरले. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया आदी शहरांनी या योजनेचे अनुकरण केले. जमिनीवर लागवडदारांचा हक्क नसल्याने मंदी सरताच बहुतेक भूखंड मालकांकडे परत गेले.

उत्तरायुष्य

१८९७ मध्ये पिंग्री गव्हर्नर झाले. दोन्ही पदे एकाच वेळी भूषवता येणार नाहीत, असा निर्णय न्यायालयाने दिल्याने त्यांनी महापौरपद सोडले. गव्हर्नरपदाची मुदत संपल्यानंतर काही महिन्यांतच लंडन येथे त्यांचे निधन झाले. १९०४ मध्ये डेट्रॉइटच्या ग्रँड सर्कस पार्कमध्ये त्यांचा पुतळा उभारण्यात आला.